बेडकासाठी ठेवलेली जागा

माझ्या ताईला स्वतःबद्दल दोन चांगले शब्द बोल म्हटलं की ती लगेच दुसऱ्या कुणाचं तरी कौतुक सुरू करते. लहानपणापासून तिचा हा स्वभाव मी पाहत आले आहे आणि लहानपणापासूनच त्याचा मला राग येतो. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी आर्णीहून तिचा फोन आला, तेव्हाही असंच झालं. नागपूरच्या एका स्टुडिओला लहान मुलांच्या कार्टूनसाठी पात्रांच्या मागची चित्रं काढणारं माणूस हवं होतं. काम घरी बसून करायचं होतं. ताईच्या जुन्या कंपनीतल्या एका मैत्रिणीनं तिचं नाव सुचवलं होतं. स्टुडिओवाल्यांचं म्हणणं एवढंच की पुढच्या आठवड्यात व्हिडिओवर बोलू, तुमचं जुनं काम तेवढं दाखवा.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय? नाई म्हणून सांगून देतो. ती मैत्रीण माही लय हुशार आहे, तिलेच घ्यावं त्याइनं. माह्याजवळ काय आहे दाखवाले?"

"इतके वर्ष तू तठी काय चहाच्या कपबश्या धुतल्या काय वं?"

ती हसली. "थे सारं कंपनीचं होतं. कंपनी बंद झाली, खेळ बंद झाले. अन् खरं सांगू? मले आता येतही नसन."

हे शेवटचं वाक्य मात्र ती हसून बोलली नाही. जुनं काम नसण्याचं तिला फारसं दुःख नव्हतं. आपला हातच गेला, अशी भीती तिच्या मनात बसली होती आणि ती भीती खरी ठरण्यापेक्षा नाही म्हणून टाकणं तिला सोपं वाटत होतं. माझं डोकं फिरलं. "खबरदार नाई म्हटलं तर," मी म्हणाले. "तुह्यं काम मी काढून आणतो." आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की ते काम कुठे आहे, हे मला अजिबात माहीत नव्हतं.

आमचं माहेर दिग्रसचं. शाळेत असताना ताईनं आमच्या विहाराच्या भिंतीवर पिंपळ रंगवला होता. वंदनेला बसलेल्या बायका डोळे मिटायचं सोडून त्या पानांकडे पाहत बसायच्या. पुढे ती नागपूरला ॲनिमेशन शिकली आणि एका छोट्या कंपनीत लागली. ती कंपनी ब्राउझरमध्ये खेळायचे कार्टूनचे खेळ बनवायची, परदेशातल्या गिऱ्हाइकांसाठी. एकजण पात्र काढायचा, दुसरा त्याला पळवायचा आणि ताई मागचं सगळं काढायची: आभाळ, डोंगर, घरं, झाडं, रस्ता. खेळणारा पाहतो पात्राकडे. मागचं कुणी पाहत नाही. मी तेव्हा कॉलेजात होते. दिग्रसच्या नेट कॅफेत बसून मी तिच्या कंपनीचा छत्रीवाल्या बेडकाचा खेळ खेळायचे आणि दर वेळी हरायचे, कारण मी बेडूक सोडून मागचीच घरं पाहत बसायचे.

मग तिचं आर्णीला लग्न झालं. सासरची माणसं चांगली, भाऊजी तर फारच. पण सासऱ्यांना अर्धांगवायू झाला, त्यांचं उठणं-बसणं सगळं तिनं केलं. मुलं झाली, तुरीच्या नि सोयाबीनच्या हंगामाची धावपळ सुरू झाली. चित्रं काढू नकोस असं तिला कुणी म्हटलं नाही. काढ असंही कुणी म्हटलं नाही. वर्षं निघून गेली.

माझं दिग्रसला बसस्टँडजवळ फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांच्या डिझाइनचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर आहेत. त्या आठवड्यात एकावर गिऱ्हाइकांचे वाढदिवस चालू होते आणि दुसऱ्यावर बेडूक. ते जुने खेळ ब्राउझरांनी केव्हाच बंद केले होते, पण जगात काही वेडी माणसं आहेत. त्यांनी असले खेळ हजारोंनी गोळा करून ठेवले आहेत, ते नाहीसे होऊ नयेत म्हणून, फुकट, आपला वेळ घालवून. मी कुणाला सहज हात जोडत नाही, पण या लोकांना मनातल्या मनात जोडले. अडचण वेगळीच होती. ताईला खेळाचं नाव माहीत नव्हतं आणि मी तो तेव्हा तिनं पाठवलेल्या लिंकवरून खेळायचे, त्यामुळे नाव मलाही ठाऊक नव्हतं. कंपनीत त्याला नुसतं 'बेडूकवाला' म्हणायचे, खरं नाव गिऱ्हाइकानं नंतर दिलं. आणि खेळांच्या दुनियेत बेडकांना तोटा नाही. उड्या मारणारे बेडूक, माशा खाणारे बेडूक, मुकुट घातलेले बेडूक. एका गिऱ्हाइकानं शेवटी विचारलंच, "मॅडम, माह्या भाच्याच्या बॅनरवर तुम्ही बेंडूक टाकून राह्यल्या काय?"

छत्री घेतलेलेसुद्धा तीन-चार बेडूक सापडले. त्यातला आपला कोणता, हे मला सांगितलं बर्फानं. खेळाच्या एका टप्प्यात बेडूक बर्फातल्या गावातून जातो. बाकीच्या खेळांतला बर्फ गुळगुळीत नि पांढराशुभ्र होता. या खेळातला ढीग एका बाजूनं उभा तुटलेला होता, दुसऱ्या बाजूनं तुडवलेला. वरून किंचित पिवळसर, खाली निळसर सावली. मी ओळखला तो. आमचं घर कापसाच्या जिनिंगच्या मागच्या रस्त्यावर होतं. जिनिंगच्या अंगणात ट्रॉल्या येऊन कापूस ओतायच्या, त्याची गंजी लागायची आणि माणसं एका बाजूनं चढून चढून ती बाजू दबून जायची. ताईनं बर्फ कधी पाहिला नव्हता. तिला बर्फ काढायला सांगितला, तर तिनं दिग्रसचा कापूस काढून दिला होता आणि परदेशातल्या माणसांनी तो बर्फ म्हणून पास केला होता. मी दुकानात एकटीच हसले आणि हसता हसता रडले. मला तिचा इतका अभिमान वाटला की शटर ओढून तडक आर्णीला जावं असं झालं.

पण आधी चित्रं बाहेर काढायची होती. सुरुवातीला मी सरळ स्क्रीनचे फोटो घ्यायला लागले. प्रत्येक फोटोत बेडूक. त्याला बाहेर घालवायची सोय खेळात नाही. मग मी युक्ती केली: बेडकाला डावीकडे उभा करून एक फोटो, उजवीकडे नेऊन दुसरा, आणि दोन्हींचे रिकामे अर्धे भाग जोडायचे. त्यातही वर उरलेले जीव दाखवणारे लाल बदाम, कोपऱ्यात गुण, नाहीतर छत्रीचं टोक. दोन दिवस मी त्या बेडकाला इतक्या शिव्या दिल्या की शेजारच्या झेरॉक्सवाल्याला वाटलं, माझं कुणाशी तरी भांडण चालू आहे.

मग कळलं की खेळाची फाइलच उघडता येते. त्यासाठी एक प्रोग्राम मिळतो. गोधडीची शिवण उसवल्यावर आतले जुने कपडे दिसावेत, तसं सगळं सुटं होऊन समोर येतं. डावीकडे नुसते आकडे आणि एकेक आकडा दाबला की एकेक आकार. एक खिडकी. एक फांदी. एक ढग. बेडकाचा 'डराव'सुद्धा वेगळा निघाला. आणि हे आकार कितीही मोठे केले तरी कडा फाटत नव्हत्या. मोबाइलवरचे धुरकट फोटो दहा फुटांच्या फ्लेक्सवर ताणण्यात माझा जन्म चालला आहे, त्यामुळे मला काय आनंद झाला ते माझ्या धंद्यातल्या माणसालाच कळेल. कुणाच्या मालकीचं काय, याची मला जाण आहे. मला ती चित्रं विकायची नव्हती, एकदा दाखवायची होती.

जसजशी मी पाहत गेले, तसतशी थक्क होत गेले. खेळातलं अख्खं जंगल तिनं मोजक्या चार झाडांतून उभं केलं होतं. कुठे झाड उलटं फिरवलं, कुठे लहान केलं, कुठे कमरेपर्यंत गवतात बुडवलं. मी मुद्दाम शोधलं, पण शेजारी शेजारी सारखी झाडं मला एकदाही सापडली नाहीत. डोंगर काढताना तीनच रंग वापरले, पण ते लांब आहेत हे लगेच कळतं. आणि त्या डोंगरापाशी एक घर होतं, स्क्रीनवर नखाएवढं. ते मी मोठं केलं. त्याच्या बाजूला दोरी होती आणि दोरीवर कपडे वाळत होते. एक लुगडं, एक शाळेचा झगा, त्याची एक बाही उलटी राहिलेली. खेळात हे सगळं एका ठिपक्यात जातं. ते कधीच कुणाला दिसणार नव्हतं. तरी तिनं बाही उलटी काढली. मी आयुष्यात इतके बॅनर केले, पण न दिसणाऱ्या जागेसाठी कधी एक रेघ जास्तीची ओढलेली नाही.

आणि यानंतर मी एक करामत केली.

सगळे आकार जोडून, थर लावून मी बारा-पंधरा चित्रं तयार केली. पण प्रत्येक चित्र मला अपुरं वाटायला लागलं. कडेला घरं, झाडं, मागे डोंगर आणि मधोमध काहीच नाही. नुसता रस्ता, नाहीतर उघडी जमीन. आता आमच्या धंद्यात मोकळी जागा म्हणजे पाप. बॅनरवर हातभर जागा उरली की गिऱ्हाईक विचारतं, इथं काहून काही नाही, आणि मग तिथे काकांचा फोटो येतो, काकांच्या मागून मित्रमंडळ येतं, मित्रमंडळानंतर दोन कोपऱ्यांत फुलं येतात. इतक्या वर्षांत माझ्या डोळ्यांना ती सवयच लागली आहे. मला वाटलं, ताईला घाईत पुरं करता आलं नसेल. म्हणून मी माझ्या साठ्यातून काढून एका चित्रात हरीण बसवलं, एकात मोर. बाजाराच्या चित्रात फुलांच्या कुंड्या. बर्फाच्या गावात नारळाचं झाड लावायचा मोह झाला होता, तो तेवढा आवरला, तिथे कारंजं टाकलं. चकचकीत कागदावर छान प्रिंट काढल्या, लॅपटॉप पिशवीत घातला आणि सकाळच्या बसनं आर्णीला गेले.

ताई अंगणात तूर पाखडत होती. हात झटकून आली आणि प्रिंट एकेक करून पाहायला लागली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. आता डोळे भरून येतील, आता मिठी मारेल. तिनं चार प्रिंट पाहिल्या आणि विचारलं,

"हे हरीण कोनं बसवलं?"

"म्या. मधात रिकामं दिसत होतं."

"बेडूक कुठी उभा राहीन मंग?"

मी म्हणाले, आता कुठला आला बेडूक, तो तर मी मोठ्या मेहनतीनं काढून टाकला. आणि माझी ताई, जी आयुष्यात मला कधी टाकून बोलली नव्हती, ती भडकली.

"तुले थे रिकामं दिसलं? सगळ्यात जास्त टाइम म्या तठीच घातला! आजूबाजूचं सारं दबवाव लागते, रंग थंडे कराव लागते, खिडक्या त्याच्या डोक्याच्या वर घ्याव लागते, तवा कुठी मधात जागा होते. कोनी येऊन उभं राह्यलं पाह्यजे म्हणून ठेवली होती थे जागा. अन् तू तठी कारंजं लावून देल्लं!"

ती एवढी मोठ्यानं बोलली की भाऊजी आतून पाहायला आले आणि आमची तोंडं पाहून गुपचूप परत गेले. खरं सांगते, मला जराही वाईट वाटलं नाही. कंपनीचं होतं, माझं काय त्यात, असं म्हणणारी बाई आता 'म्या ठेवली होती' म्हणत होती. मी लॅपटॉप उघडला, तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "मंग तूच काढ थे हरीण."

तिनं हरीण काढलं. मोर काढला. मग माझे चुकीचे लागलेले थर सरकवायला लागली: हा डोंगर मागे, ही झुडपं पुढे, हे झाड मी उलटंच लावलेलं. तुरीचं सूप तसंच पडून राहिलं आणि कोंबड्यांनी त्यावर हात साफ करून घेतला.

तरीही जुनं आवरणं वेगळं आणि नवं काढणं वेगळं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. नवीन काही काढून पाहा असं मी दोनदा म्हटलं, दोन्ही वेळा तिनं विषय बदलला.

बोलणं ठरलं होतं त्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन पुन्हा आर्णीला गेले. ताईनं मला कॅमेऱ्यात दिसणार नाही असं बाजूला बसवलं आणि तोंड बंद ठेवायची शपथ घातली. पलीकडे एक बाई होत्या आणि एक तरुण माणूस. ताईनं चित्रं दाखवली. दोघांनी नीट पाहिली, बर्फावर ते बराच वेळ थांबले. मग तो माणूस अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, गैरसमज करून घेऊ नका. काम सुंदर आहे. पण आजकाल जुन्या गेमची फाइल कुणीही उघडतं आणि चित्रं बाहेर काढतं. यावर नाव तर कुणाचंच नसतं. हे तुमचंच आहे, हे आम्ही कसं समजायचं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण राग आला त्याच्या पुढच्याच क्षणी कळलं, तो खोटं काय बोलला? मीच नाही का काढली ती चित्रं, बसस्टँडजवळच्या दुकानात बसून? मला जमलं म्हणजे कुणालाही जमलं असतं. आठवडाभराची माझी सगळी मेहनत त्याच्या एका वाक्यात वाहून गेली. मी तोंड उघडलं, तेवढ्यात ताईनं टेबलाखालून माझा हात दाबला.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "ही चित्रं माझ्या बहिणीनं बाहेर काढली. फार हुशार आहे ती." अशा वेळीसुद्धा माझंच कौतुक! मग तिनं लॅपटॉप आपल्याकडे ओढला. "तुमच्याजवळ एखादं पात्र असेल तर पाठवा. मी त्याच्या मागचं आत्ता काढते. तुम्ही बघत राहा."

त्यांनी एक म्हातारी पाठवली, दोरीला बकरी धरलेली. ताईनं पहिलाच प्रश्न विचारला, "ही कुठून येऊन राहिली? अन् बकरी हिला ओढते का ही बकरीला?" पलीकडच्या बाई हसल्या. म्हणाल्या, बकरीच ओढते.

पहिली रेघ वाकडी गेली. तिनं ती पुसली. दुसरीही गेली. तिचा हात माऊसवर आखडला होता, मला शेजारून दिसत होतं. तिसऱ्यांदा पुसलं तेव्हा मला वाटलं, संपलं. मीच हिला यात ओढलं आणि आता ही पुन्हा कधी कशाला हात लावणार नाही. मला तिच्याकडे पाहवेना. मी खाली पाहत बसले.

मग क्लिकचा आवाज सलग यायला लागला. मी वर पाहिलं तर स्क्रीनवर उतरती वाट आली होती, कारण ओढणाऱ्या बकरीला उतार लागतो. वाटेच्या कडेला पऱ्हाटीच्या वाळक्या काड्यांचं कुंपण, त्याच्यामागे तुरीचं शेत, रंग दबलेला. लांब पाण्याची टाकी. एक झाड काढलं, तेच उलटं करून दुसरीकडे अर्धं बुडवलं. तिची जीभ दातात आली होती, विहाराची भिंत रंगवताना यायची तशी. पलीकडून त्या माणसानं मध्येच काहीतरी विचारलं, तर ती मान न वळवता म्हणाली, "थांबा." माझ्या ताईनं परक्या माणसाला थांबा म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

तिनं ते पाठवलं. त्यांनी त्यांच्याकडे त्यावर म्हातारी ठेवली आणि आम्हाला दाखवली. म्हातारी बकरीमागे ओढली जात उतरून गेली. मग बाई म्हणाल्या, आम्ही कळवतो, आणि बोलणं संपलं. काम मिळाल्याचं काही दिवसांनी कळलं. आता ती रोज दुपारी बसते आणि त्या वेळात मी फोन केला तर उचलत नाही.

पण स्क्रीन बंद झाली तेव्हा आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी सुटलेच. कळवतो म्हणजे काय, विश्वास कसा ठेवत नाहीत, मी दाखवते यांना. मी तावातावानं बोलत होते आणि ताईचं लक्षच नव्हतं. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, तिकडेही नव्हतं. तिनं माऊस अजून सोडला नव्हता. काम मिळेल की नाही, याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. म्हणाली ते मलाही नव्हे, स्वतःलाच.

"येते वं," ती म्हणाली. "मले अजून येते."